दाजींनी कोरं केलेलं लोखंड

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि शिलाई मशीनवर जाड कापड ओढून ओढून बोटं अशी झाली आहेत की अक्षर ओळीवर बसत नाही. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांविषयी लिहितात, ते मी नेहमी वाचते. त्यांच्यासारखं मला लिहिता येणार नाही. पण दाजींविषयी एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, आणि ती सांगायला मी चार वर्षं उशीर केला आहे. ही वही कुणाकडे पाठवायचं धाडस होईल की नाही, माहीत नाही. तरी लिहिते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते गेले त्या सकाळी मी मशीनवर होते, एका जीपचं हूड, म्हणजे वरचं कापडी छत, शिवत होते. फोन वाजला. आक्का फक्त "सुमे, ये" एवढंच म्हणाली. मला कळलं. तरी मी पायडलवरचा पाय उचलला नाही. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग उठले. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तेवढ्या वाटेत माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते, पण तो सोडून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, आता सांगायचं राहिलं ते कायमचंच राहिलं… आणि त्या वाटण्यात दुःखाबरोबर थोडी सुटकाही होती.

माझे मालक पाथर्डीला खिडक्यांच्या ग्रिल बनवायचे. ते वेल्डिंग करायचे आणि मी रंग द्यायची. रंग म्हणजे लाल ऑक्साईड, गंज धरू नये म्हणून लोखंडाला पहिला देतात तो. कोरं लोखंड एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी त्यावर गंजाची पावडर येते, म्हणून दिवसभरात जेवढं घासलं तेवढं रंगवूनच हात धुवायचे, ही आमच्या घरची शिस्त. अकरा वर्षं मी हेच केलं. मालक गेल्यावर आक्का मला भिंगारला घेऊन आली. मूलबाळ मला नव्हतं. दाजी तेव्हा लष्करातून निवृत्त होऊन आले होते. वायरलेसचे मेकॅनिक होते ते. घरामागे पत्र्याची शेड होती, आणि तिच्यात त्यांनी लिलावात घेतलेली जुनी जीप. पहिल्या दिवशी जेवताना मी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. दाजी ताटावरून म्हणाले, "भाकरी पायजे, ओव्हर."

आक्का म्हणाली, "ओव्हर बिव्हर काय न्हाई, हात हाय ना? घ्या."

मला हसू आलं. मालक गेल्यानंतरचं ते पहिलं हसू, आणि दाजींनी ते बघितलं. त्यानंतर मी गप्प दिसले की ते मुद्दाम ओव्हर म्हणायचे.

दाजींच्या जीपला मागच्या कोपऱ्यावर एक लांबलचक दांडी होती. खाली स्प्रिंग, त्याखाली चिनी मातीचा पांढरा कप, आणि सगळ्यात खाली लोखंडी पाटी, ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली. ती अँटेना. मोबाईलला जिथं रेंज नाही तिथूनही शेकडो कोसांवर बोलता येईल असा सेट त्यांनी जीपमध्ये बसवला होता, रीतसर परवाना घेऊन. रोज सकाळी चहा झाला की ते जीपमध्ये जाऊन बसायचे. जोधपूरला त्यांचे नोकरीतले एक मित्र होते, तेही त्याच वेळी आपल्या सेटपुढे बसलेले असायचे. बोलणं काय, तर हवा, गुडघे, पेन्शन. एकदा इकडे कोंबडा आरवला तर तिकडून हिंदीत आवाज आला की तुमच्या कोंबड्यालाही परवाना मिळाला का! दाजी दिवसभर ते सांगत फिरले. मी शेडच्या दारात उभी राहून ऐकायची. एवढ्या लांबचा माणूस आपल्या शेडमध्ये बसून बोलतो आहे, याचं मला फार नवल वाटायचं.

अशा दांड्या बसवून घ्यायला दाजींकडे लोक लांबून यायचे. डोंगरात, वाळवंटात गाड्या नेणारे, चारही चाकांना ताकद असलेल्या जीपवाले. दाजी कमी बोलायचे, कमी घ्यायचे आणि काम एकदाच करायचे. मला त्यांनीच हाताखाली घेतलं. "घरात बसून भिताड काय बघतीस? ये, पाना धर," म्हणाले. पाना मी उलटा धरला तर म्हणायचे, "मेव्हणीबाई, पाना हाय तो, लाटणं न्हाई." पुढे त्या जीपवाल्यांची हूडं फाटलेली असतात हे बघून त्यांनीच मला जुनं मशीन आणून दिलं. आज मी जे दोन घास खाते ते त्या मशीनचे. वेगळी खोली घेतली तीही त्यावरच.

काम करताना ते समजावून सांगत. "लोक दांडीकडं बघत्यात. दांडी म्हंजे निम्मी अँटेना. उरल्याली निम्मी ही गाडी. दांडीच्या बुडाला गाडीचं कोरं लोखंड भेटलं पायजे. मधी काय नको." म्हणून पाटी जिथं बसायची तिथला गाडीचा रंग ते पॉलिश पेपरने घासून काढायचे, पत्रा आरशासारखा होईपर्यंत. मग दारांपासून, बॉनेटपासून चेसीपर्यंत तांब्याच्या तारेच्या चपट्या वेण्या जोडायच्या, म्हणजे सगळी गाडी एक होते. वेण्या कापायचं आणि डागायचं काम माझं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. 'मधी काय नको' हे मी ऐकलं होतं. पण 'काय' म्हणजे माती, तेल, कचरा असं मी धरून चालले. लाल ऑक्साईड म्हणजे मधे आलेलं काही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे तो लोखंडाचाच भाग होता.

चार वर्षांपूर्वी पुण्याचे एक साहेब आले. डोंगरात अडकलेल्या लोकांना शोधायला जाणारी त्यांची मंडळी होती. सहा गाड्या. पहिली गाडी दाजींनी करायची, चाचणी पास झाली की उरलेल्या पाच. एवढं मोठं काम दाजींना कधी आलं नव्हतं. इसाराची आगाऊ रक्कम हातात पडली तेव्हा ते आक्काला म्हणाले, "सहा गाड्या, ओव्हर." आक्काने त्या दिवशी पुरण घातलं.

गाडी विटकरी रंगाची होती. दाजींनी भोकं पाडली, पत्रा घासला आणि बोल्ट टाकून बघितले तर ते आखूड निघाले. ते सायकल काढून नगरला गेले. बाजार बंद होता, दुकानदाराच्या घरी जाऊन सकाळी देतो असं कबूल करून घेऊन आले. एरवी दाजी घासल्याबरोबर पाटी बसवायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच घासलेला पत्रा रात्रभर तसा राहणार होता. थंडीचे दिवस, दव पडायचं. अंधार पडायला आला तरी ते परतले नव्हते, शेडमध्ये मी एकटीच होते. तो उघडा पत्रा बघून माझा जीव राहिना. डबा फळीवरच होता. मी लाल ऑक्साईडचा एक हात दिला. भोकांच्या कडांनाही ब्रश फिरवला, गंज तिथूनच सुरू होतो म्हणून. मग सुकला तसा दुसराही दिला. दाजींचं एक काम वाचवलं, याचा मला आनंद झाला होता. रात्री दाजी आले ते सरळ जेवायला घरात गेले, शेडमध्ये डोकावले नाहीत.

सकाळी दाजी बोल्ट घेऊन आले ते थेट गाडीखाली शिरले. साहेब निघाले आहेत असा फोन आला होता. खालून नट आवळायचे दाजींनी, वरून पाटी बसवून बोल्ट सोडायचे मी, अशीच आमची पद्धत होती. पत्रा त्यांनी स्वतः घासलेला, मग वर परत बघायचं कशाला? पाटी बसली आणि लाल रंग तिच्याखाली झाकला गेला. कडेला थोडा दिसत होता, पण गाडीच विटकरी.

चाचणी चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर होती. साहेब, त्यांचा एक चष्मेवाला जाणकार, दाजी आणि चहाची किटली घेऊन मी. जोधपूरचे मित्र ठरल्या वेळी सेटपुढे बसलेले. दाजींनी बटण दाबलं, बोलले. नुसती खरखर. पुन्हा बोलले. चष्मेवाला सेटवरच्या सुईकडे बघत म्हणाला, "पॉवर सगळी परत येते आहे. बाहेर काही जातच नाही. काका, बेसचा कॉन्टॅक्ट बघितलात का?"

दाजींना ते लागलं. म्हणाले, "बूड कोरं हाय. मी सोता घासलंय. आरसा केलाय त्येचा."

त्या वेळी मला कळलं. माझ्या नखांच्या कडेला अजून लाल होतं. मी हात पदराखाली घेतला. एक वाक्य बोलायचं होतं, दाजी, तिथं मी रंग लावलाय. पाना गाडीतच होता, पाटी काढून घासून परत लावायला अर्धा तास पुरला असता. पण परके पुरुष उभे होते, आणि दाजी नुकतेच छाती ठोकून बोलले होते. मी बोलले तर ते चार माणसांत खोटे पडतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझीच लाज वाटली. अनाडी बाई हाताखाली घेतली म्हणून असं झालं, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी किटलीतला चहा ओतला आणि सगळ्यांना दिला.

साहेबांना निघायची घाई होती. "काका, तुमचं नाव ऐकून आलो होतो," एवढंच म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. दाजी दोन दिवस शेडमध्ये केबलचे तुकडे तपासत होते, कागदावर आकडे मांडत होते. मी तिथंच बसून वेण्या कापत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. दाजी उभ्याने ऐकत होते. "व्हय… व्हय साहेब… चूक माझी हाय." पुण्यात डेंटिंगवाल्याकडून अँटेना काढून टाकली होती. इसार परत पाहिजे होता आणि पत्र्याची भोकं बुजवण्याचा खर्चही.

आता लिहायचं आहे ते सगळ्यात वाईट. आठवड्याने गोणपाटात बांधलेलं पार्सल आलं. दाजी पेन्शनच्या कामाला गेले होते. मी सोडून बघितलं, तर दांडी, स्प्रिंग आणि ती पाटी. पाटीच्या बुडाला माझा लाल रंग चिकटून आला होता, ब्रशच्या रेघांसकट. तिथवर माझी ती चूक होती. तिथून पुढे ती चूक राहिली नाही. मी पॉलिश पेपर घेतला आणि पाटी घासली. कोपरे घासले, भोकांच्या कडा घासल्या, लाल पूड झाडून चुलीच्या राखेत टाकली. दाजी आले. त्यांनी पाटी उचलली, उलटी केली, दारात नेऊन उन्हात धरली. बराच वेळ बघितलं.

"बूड तर साफ हाय," म्हणाले. "मंग माझं हातच गेलं म्हनायचं, सुमन."

मी म्हणाले, "वय झालं दाजी. चालायचंच."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

साहेबांचे पैसे चुकते करायला दाजींनी स्वतःचा सेट विकला. नाशिकचा एक माणूस येऊन घेऊन गेला. त्यानंतर त्यांनी कुणाचंही काम घेतलं नाही. लोक यायचे, तर म्हणायचे, "आता नजर न्हाई, हात न्हाई." जोधपूरहून मोबाईलवर फोन यायचे, सुरुवातीला रोज, मग सणाला. मोबाईलवर दाजींना बोलताच यायचं नाही, दोन वाक्यांत संपायचं. जीपवरची दांडी त्यांनी उतरवली. आक्काने ती परसात रोवून तिच्यावर तोंडलीचा वेल चढवला. सकाळी चहा झाल्यावर मात्र ते पूर्वीसारखेच जीपमध्ये जाऊन बसत, सेट होता त्या रिकाम्या जागेपुढे, पेपर घेऊन. मी हूडाची मापं घ्यायच्या निमित्ताने शेडमध्ये जायची, आणि ते बसलेले दिसले की परत फिरायची.

ते जायच्या आदल्या दिवशी मी पेज घेऊन गेले होते. धाप लागत होती त्यांना. मी चमचा भरला तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला आणि विचारलं, "त्या विटकरी गाडीत काय राह्यलं असंल गं?"

चार वर्षं झाली होती. चार वर्षं ते तेच शोधत होते. आक्का बाहेर धुणं वाळत घालत होती. खोलीत आम्ही दोघंच, परका माणूस कुणी नाही. मी म्हणाले, "दाजी, पेज निवतीय."

चौदावा झाला. पाहुणे गेले. आक्का आणि मी त्यांचे जुने गणवेश घड्या करून पेटीत ठेवत होतो. तेव्हा मी आक्काला सांगितलं. रंगाचं सांगितलं, डोंगरावरचं सांगितलं, पाटी घासल्याचंही सांगितलं. आक्काने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "मला त्यांनी इचारलं हुतं. माझं हात कापत्यात का गं, म्हनून. मी काय म्हनले म्हाईत हाय? म्हनले, व्हय, जरा कापत्यात. त्यांच्या मनाला उगी खोटी आशा नको म्हनून." तिने घडी पेटीत ठेवली. "कापत नव्हतं सुमे. कधीच कापत नव्हतं. तू माझ्याकडून बी खोटं वदवून घेतलंस."

मला रडू आलं तर म्हणाली, "रडू नगंस. जा घरी."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी माझ्या खोलीवर आली. दाजींच्या वहीतलं एक पान आणलं होतं, त्यावर साहेबांचा नंबर होता. "लाव," म्हणाली. "माझ्यासमोर बोल. मला ऐकायचंय." मला फोनवर परक्या माणसाशी बोलायची सवय नाही. साहेबांना आधी काही आठवेना. मग म्हणाले, "हां, हां! भिंगारचे काका. अहो, ती गाडी मी केव्हाच विकली. काय म्हणताय?"

मी म्हणाले, "दाजींची चूक नव्हती. त्यांनी पत्रा कोरा केला हुता. त्याच्यावर रंग मी लावला. त्यांना म्हाईत नव्हतं."

ते म्हणाले, "मी त्यांना तेव्हा फार बोललो होतो हो. ते एक शब्द उलटून बोलले नाहीत… द्या बरं त्यांना फोन. मीच बोलतो."

मी आक्काकडे बघितलं. आक्काने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "ते गेलं साहेब. पंधरा-वीस दिस झालं. तुमाला खरं कळावं म्हनून फोन केला. त्यांचं काम चुकल्यालं नव्हतं, एवढं तुमी ध्यानात ठेवा." साहेब काहीतरी चांगलं बोलत होते, तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. जोधपूरलाही तिने त्याच दिवशी मला फोन लावायला लावला. ते म्हातारे गृहस्थ रडले. त्यांनी मला एक शब्दही वाईट म्हटला नाही, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

जाताना आक्का दारात वळली. "आता पैसं. सेट इकून त्या साहेबाला भरल्यालं बावीस हजार. ते तू मला द्यायचं."

"व्हय," मी म्हणाले.

शेजारची बाई नंतर म्हणाली, सख्ख्या बहिणीकडून कुणी असे पैसे मागतं का. तिला काय सांगणार? आक्का 'जाऊ दे' म्हणाली असती तर मी तोंड घेऊन कुठे जाणार होते? तिने आकडा सांगितला, म्हणून मला तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला जागा राहिली. पतसंस्थेतली माझी पिग्मी मोडली, ते तेरा हजार दुसऱ्याच दिवशी नेऊन दिले. राहिलेले नऊ हूडं शिवून. जास्तीची कामं घेतली, शिर्डीच्या प्रवासी गाड्यांची सीट कव्हरंही घेतली. दर आठवड्याला जमेल तेवढे नेऊन द्यायचे. आक्का घ्यायची, मोजायची, पेटीत ठेवायची. पहिले दोन-तीन आठवडे मला खाली बस म्हणाली नाही. मग म्हणायला लागली.

काल शेवटचे दोन हजार दिले. आक्का ओट्यावर तोंडली निवडत होती. तिने हात पुसले, नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

"बावीस झालं," म्हणाली. "माझं फिटलं. त्यांचं तुझं काय ते मला ठावं न्हाई."

मी मान हलवली. तिने पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि परत निवडायला बसली. मीही एक मूठ पुढे ओढून घेतली. बावीस हजार, सगळे दिले.